चिडलीय तर मग नाचतेय कशी? १९३५ चा 'टॉप हॅट' सोप्या भाषेत

आमच्या फॅमिली ग्रुपवर मध्यंतरी एक क्लिप आली होती. जुन्या इंग्लिश सिनेमातला डान्स, एआयने रंग भरलेला, बाई पिसांच्या झग्यात आणि माणूस काळ्या सुटात, आणि दोघं जमिनीला पाय लागतायत की नाही असं वाटावं इतके हलके. सगळ्यांनी हार्ट टाकले आणि विसरले. पण माझी भाची, अकरावीत आहे, तिने तो अख्खा सिनेमा शोधून बघितला आणि रात्री साडेदहाला मला फोन. "मावशी, मला काही कळलंच नाही गं. ती त्याच्यावर चिडलीय ना? नाच संपल्यावर तिने त्याच्या कानाखाली मारली. मग त्याआधी एवढं प्रेमाने नाचत काय होती? आणि हे लोक बोलता बोलता एकदम गायलाच का लागतात?"

प्रश्न इतका बरोबर होता की मी अर्धा तास फोनवर बोलत बसले, आणि तरी नीट सांगता आलं नाही. मला हा सिनेमा फार आवडतो, कॉलेजपासून कितीतरी वेळा बघितलाय, आणि तो नुसता "जुना क्यूट डान्स" म्हणून फोनवर फिरतो याचं वाईट वाटतं, म्हणून आता सावकाश लिहितेय.

आधी सिनेमा काय आहे ते

नाव 'टॉप हॅट', म्हणजे साहेबी थाटाची उंच काळी हॅट. १९३५ चा. हॉलिवूडच्या आरकेओ कंपनीचा, दिग्दर्शक मार्क सँडरिच. फ्रेड अस्टेअर हिरो, जिंजर रॉजर्स हिरॉईन, गाणी अर्व्हिंग बर्लिनची. साधारण पावणेदोन तासांपेक्षा थोडा कमीच. याला म्युझिकल रोमँटिक कॉमेडी म्हणतात, म्हणजे प्रेमाची गोष्ट, हसत हसत सांगितलेली, आणि तिचे महत्त्वाचे टप्पे गाण्यात-नाचात घडतात. या व्याख्येतला शेवटचा भाग लक्षात ठेवा, बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे.

गोष्ट अशी. जेरी हा अमेरिकन डान्सर लंडनला आलाय, हॉरेस नावाच्या मित्राच्या शोमध्ये काम करायला. रात्री हॉटेलच्या खोलीत तो आनंदात टॅप डान्स करतो. (टॅप म्हणजे बुटाच्या तळाला पुढे आणि टाचेला धातूच्या पट्ट्या लावून केलेला नाच, पायानेच ताल वाजवायचा, आपल्याकडे घुंगरू जे काम करतात ते तिथे बूट करतात.) खालच्या खोलीतल्या डेलची झोपमोड होते, ती भांडायला वर येते, आणि तो तिच्या प्रेमात पडतो. ती परत गेल्यावर तो फरशीवर वाळू पसरतो आणि त्या वाळूवर हळूहळू पाय घासत नाचतो, तिला झोप लागावी म्हणून. खाली ती गादीवर पडून ऐकते आणि झोपते. मला विचाराल तर सिनेमातला सगळ्यात गोड क्षण तो आहे, पिसांचा झगा वगैरे नंतर.

पुढे गोंधळ होतो. डेलच्या मैत्रिणीचं, मॅजचं, लग्न हॉरेसशी झालंय. डेलने हॉरेसला कधी बघितलेलंच नाही. हॉटेलात कोणीतरी तिला लांबून सांगतं की तो बघा, हातात बॅग आणि काठी आहे ना, ते हॉरेस साहेब. नेमकी त्याच वेळी हॉरेसने बॅग आणि काठी जेरीच्या हातात दिलेली. झालं. आता डेलच्या डोक्यात पक्कं बसतं की माझ्यामागे लागलेला हा माणूस माझ्या मैत्रिणीचा नवरा आहे. तिथून गोष्ट व्हेनिसला जाते, आणि खुद्द मॅजच डेलला म्हणते जा गं, याच्याबरोबर नाच! मॅजला वाटतंय मी दोघांचं जुळवून देतेय, आणि डेलला वाटतंय बायकोच आपल्या नवऱ्याला माझ्याकडे ढकलतेय, हे काय चाललंय.

"पण हा गैरसमज एका वाक्यात सुटला असता"

हो. सुटला असता. "तुमचं नाव काय हो" एवढं विचारलं असतं की सिनेमा चाळीस मिनिटांत संपला असता. हा आक्षेप नवीन नाहीये, प्रत्येक पिढीतलं कोणी ना कोणी घेतंच.

पण मराठी माणसाने तरी हा आक्षेप घेऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण आपण देवलांचं 'संशयकल्लोळ' शंभर वर्षांहून जास्त काळ प्रेमाने बघतोय. तिथेही एका तसबिरीवरून चार माणसांची डोकी फिरतात, आणि कोणी कोणाला सरळ विचारत नाही, आणि मध्ये मध्ये सुंदर पदं आहेत. त्याचं मूळ फ्रेंच, मोलिएरच्या नाटकात, आणि ते देवलांपर्यंत इंग्रजीतून आलं. म्हणजे हे यंत्र खूप जुनं आहे आणि दोन्हीकडे एकाच घराण्यातून आलंय म्हणा ना.

ते यंत्र चालतं कसं, तर प्रेक्षकाला सगळं माहीत असतं आणि पात्रांना अर्धंच. लपाछपीत झाडावर बसून बघणाऱ्याला जशी मजा येते तशी. आपल्याला कोण कुठे लपलंय ते दिसतंय आणि राज्य घेतलेला बरोबर उलट्या दिशेला चाललाय. त्यामुळे "कोण चूक, कोण बरोबर" हा प्रश्न आपल्यासाठी मिटलेला असतो आणि आपण पूर्ण लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे देऊ शकतो, की या माणसांना आतून काय वाटतंय. आणि आतून काय वाटतंय ते या सिनेमात बोलण्यात येतच नाही.

मग एकदम गाणं का?

आधी थोडं मागचं. हॉलिवूडमध्ये बोलपटांचं वारं १९२७ पासून सुरू झालं. आवाज मिळाल्यावर १९२९-३० मध्ये गाण्यांच्या सिनेमांचा इतका पूर आला की लोक कंटाळले आणि काही काळ थिएटरवाले "आमच्या सिनेमात गाणी नाहीत" असं सांगून तिकिटं विकायला लागले. त्यातल्या बऱ्याच सिनेमांत गाण्याला निमित्त लागायचं, म्हणजे हिरो-हिरॉईन नाटक कंपनीत काम करतात, तालीम चाललीय, म्हणून गातायत. गोष्ट थांबायची, गाणं व्हायचं, गोष्ट परत सुरू. १९३३ साली '४२वी स्ट्रीट'ने हा प्रकार पुन्हा चालवून दाखवला, पण तिथेही निमित्त स्टेजचंच.

'टॉप हॅट'मध्ये बघा काय होतं. ज्या गाण्याने सिनेमाला नाव दिलंय ते स्टेजवरचंच आहे, काळे कोट घातलेल्या पुरुषांची रांग आणि अस्टेअर हातातल्या काठीची बंदूक करून पायाच्या ठोक्याने एकेकाला पाडतो. ते कमाल आहे, पण ती जुनी रीत. बाकीची गाणी वेगळी आहेत. पहिल्या गाण्यात जेरी मित्राला सांगत असतो की मी मोकळा माणूस आहे, मला कसलं बंधन नाही, आणि ते वाक्य बोलता बोलता सुरात जातं, नेमकं कुठे बोलणं संपलं आणि गाणं सुरू झालं ते पहिल्यांदा बघताना कळत नाही. आणि त्या गाण्याचाच आवाज खाली जातो, म्हणून डेल वर येते. गाणं नसतं तर ती दोघं भेटलीच नसती! म्हणजे गाणं हे गोष्टीचं कारण आहे. याला अभ्यासक लोक इंटिग्रेटेड म्युझिकल म्हणतात, गोष्टीत विणलेलं गाणं. आपल्या संगीत नाटकात चांगलं पद असंच यायचं, संवादाचा धागा धरून, म्हणून आपल्या आजीला हे समजावून सांगावं लागलं नसतं.

साधं घरातलं उदाहरण देते. आपण फोनवर आनंदाची बातमी सांगत असतो, "अगं ऐक ना, पास झाले मी", तेव्हा आवाज वर चढतो, हात हलायला लागतात, आणि मग आपण उडीच मारतो. कोणी ठरवून नाही मारत. बोलणं पुरेना झालं की आवाज चढतो, आवाज पुरेना झाला की अंग हलतं. म्युझिकल त्याच तीन पायऱ्या घेतं, बोलणं, गाणं, नाच, फक्त सूर लावून.

सगळ्यात सुंदर जोड 'चीक टू चीक'ची आहे, तेच पिसांच्या झग्याचं गाणं. डेल म्हणते मॅजलाच काही वाटत नसेल तर मला पण नाही, जेरी म्हणतो मला पण नाही, मला एवढंच कळतंय की हे म्हणजे, आणि पुढचा शब्द 'हेवन', आणि तोच गाण्याचा पहिला शब्द. वाक्य सुरू संवादात होतं आणि पुरं होतं गाण्यात.

हे लिहिणारा अर्व्हिंग बर्लिन हा माणूसही बघण्यासारखा. रशियन साम्राज्यातून पाच वर्षांचा असताना ज्यू कुटुंबाबरोबर न्यूयॉर्कला आला, नोटेशन वाचता-लिहिता यायचं नाही, पियानोवर मुख्यतः काळ्या पट्ट्यांवरच वाजवायचा, आणि गाण्याची पट्टी (म्हणजे स्केल) बदलायला त्याच्याकडे खास पियानो होता ज्याला एक दांडा होता, तो सरकवला की तीच बोटं दुसऱ्या स्केलमध्ये वाजायची. त्या काळचं नेहमीचं गाणं ३२ मात्राखंडांचं (म्हणजे तालाच्या ३२ छोट्या तुकड्यांचं) असायचं, 'चीक टू चीक' ७२ चं आहे. ऐकताना मोजायची गरज नाही, पण संपेल असं वाटतं तिथे ते अजून एक वळण घेतं आणि मग अजून एक, प्रेमात माणूस जसा निघायचं म्हणून दारातच अर्धा तास बोलत उभा राहतो तसं.

आता भाचीच्या प्रश्नाकडे: चिडलीय तर नाचतेय कशी?

दोन नाच शेजारी शेजारी ठेवून बघा.

पहिला लंडनच्या बागेतला. पाऊस आलाय, दोघं बँडस्टँडच्या (बागेत बँड वाजवायला असतो तो मंडप) छपराखाली अडकलेत, ती घोडेस्वारीच्या कपड्यात आहे म्हणजे चक्क पँट. तो गातो, ती पाठ करून बसलीय. मग तो उठून चालायला लागतो, ती त्याच्या मागून त्याच्यासारखंच चालते, नक्कल करत. तो एक स्टेप करतो, ती तीच करून दाखवते, वर थोडी जास्तीची. "येतं मला पण" असं. वीज कडाडते, ताल दुप्पट होतो, आणि चिडवाचिडवी कधी जोडीचा नाच होते कळत नाही. आणि शेवटी? मिठी नाही काही नाही, दोघं कठड्यावर बसतात आणि हस्तांदोलन करतात. बरोबरीच्या दोन माणसांचं शेकहँड. या तीनेक मिनिटांत ती प्रेमात पडते आणि एकही शब्द बोलत नाही.

दुसरा व्हेनिसमधला. मधल्या काळात तिला वाटायला लागलंय की हा मैत्रिणीचा नवरा. आता ती त्याच्या मिठीत नाचतेय पण तिच्या चेहऱ्याकडे बघा, सुरुवातीला ती त्याच्या नजरेला नजर देताना कचरतेय, गाणं चालू असताना तो बोलतोय आणि ती फक्त ऐकतेय. मग दोघं गर्दीतून बाहेर मोकळ्या गच्चीवर येतात, संगीत चढत जातं, ती मागे झुकते, पार मागे, पूर्ण भरवसा टाकून. आणि शेवटी दोघं भिंतीला टेकून श्वास घेत उभे राहतात, ती त्याच्याकडे बघते, तो लग्नाची मागणी घालतो, आणि ती कानाखाली मारते.

तर उत्तर असं आहे: ती नाचताना खरं बोलतेय आणि बोलताना तिला जे खरं वाटतंय ते चुकीचं आहे. डोकं म्हणतंय हा माणूस वाईट आहे, अंग म्हणतंय नाही, हाच तो. लग्नाचा विषय निघाला की डोकं जागं होतं. आपण प्रेक्षक असल्यामुळे आपल्याला माहितीय की अंगाचंच बरोबर आहे. म्हणून तो नाच बघताना एकाच वेळी इतका आनंद आणि इतकी हळहळ वाटते, तिला कोणीतरी सांगा रे, असं. या सिनेमात जिभेवर विश्वास ठेवायचा नाही, पायांवर ठेवायचा. एवढं धरून बघितलं की सगळा सिनेमा उलगडतो.

सेन्सॉरचा हात

हे असं नाचातून सांगायची गरज का पडली याला एक अगदी व्यवहारी कारणही आहे. हॉलिवूडच्या कंपन्यांनी १९३० साली आपल्या स्वतःसाठी एक नियमावली मान्य केली होती, तिला प्रॉडक्शन कोड म्हणायचे. चार वर्षं कोणी फारसं पाळलं नाही. जुलै १९३४ पासून जोसेफ ब्रीन या माणसाच्या ऑफिसने ती कडक लावली, त्यांचं सर्टिफिकेट नसेल तर मोठ्या थिएटरांत सिनेमा लागणार नाही. लग्नाची थट्टा नको, विवाहबाह्य संबंध आकर्षक दिसायला नकोत, शारीरिक जवळीक जपून.

'टॉप हॅट' बरोबर त्यानंतरच्या वर्षातला. आणि बघा किती हुशारीने जमवलंय, अख्खी गोष्ट विवाहबाह्य आकर्षणाच्या भीतीवर आहे आणि तरी प्रत्यक्षात कोणी काहीच चुकीचं केलेलं नाही, कारण जेरी मुळात तो नवराच नाही. शेवटी डेल रागाच्या भरात बेडिनी नावाच्या ड्रेस डिझायनरशी लग्न करून टाकते, आता काय? तर ते लग्न लावणारा पाद्री हा हॉरेसचा नोकर बेट्स निघतो, वेष बदललेला, म्हणजे लग्नच खोटं. सगळे कागद साफ.

आणि या अख्ख्या सिनेमात हिरो-हिरॉईन एकदाही चुंबन घेत नाहीत. आपल्याला हे समजायला काय अवघड आहे, आपण दोन फुलं एकमेकांना टेकलेली बघत मोठे झालोय. फरक इतकाच की फुलं हे झाकण होतं, आणि इथे नाचानेच ते सगळं सांगितलंय, चुंबनापेक्षा जास्त.

कॅमेरा शांत का उभा आहे?

भाचीचं अजून एक वाक्य होतं, "कॅमेरा काही करतच नाही गं." बरोबर पकडलं तिने, पण ते मुद्दाम आहे.

त्या काळात बझबी बर्कली नावाचा मोठा नृत्यदिग्दर्शक वॉर्नर कंपनीत होता. तो कॅमेरा छतावर नेऊन खाली पन्नास-शंभर मुलींची फुलं, चक्रं, नक्षी करायचा. सुंदरच ते, पण तिथे एकेका नर्तकीला महत्त्व नाही, नक्षीला आहे. गणपतीच्या मिरवणुकीतलं लेझीम आपण गच्चीवरून बघतो तसं. अस्टेअरला पाहिजे होतं ते लावणी पहिल्या रांगेतून बघण्यासारखं. त्याचा आग्रह असायचा की डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण माणूस फ्रेममध्ये दिसला पाहिजे, मध्येच नुसते पाय, मध्येच नुसता चेहरा असं नको, आणि शॉट शक्य तितका तोडायचा नाही. कॅमेरा हलतो, पण नाचणाऱ्यांच्या बरोबरीने गुपचूप सरकत, आपल्याला जाणवणार नाही असा.

का? आज रीलमध्ये दर दोन सेकंदाला कट असतो, त्यामुळे नाचणाऱ्याने एक स्टेप आत्ता केली आणि पुढची जेवून आल्यावर केली तरी कळत नाही. न तोडलेल्या शॉटमध्ये लपवायला जागा नाही. गवयाने एका दमात घेतलेली तान ऐकताना आपलाही श्वास अडकतो ना, आणि तीच तान तुकड्या तुकड्याने रेकॉर्ड करून जोडली असं कळलं तर? सूर तेच असतील, आपला श्वास अडकणार नाही.

याची किंमत तालमीत मोजायला लागायची. शूटिंगच्या आधी आठवडेच्या आठवडे अस्टेअर आणि नृत्यदिग्दर्शक हर्मिस पॅन एका खोलीत स्टेप्स बसवायचे, पॅन जिंजरच्या जागी नाचायचा, आणि मग तिला ते शिकवायचे कारण ती बहुतेक वेळा दुसऱ्या सिनेमात अडकलेली असायची.

आवाजाचंही थोडक्यात सांगते. गाणं आधी स्टुडिओत रेकॉर्ड करायचं आणि सेटवर ते लावून ओठ हलवायचे, याला प्लेबॅक म्हणतात, आपल्याला सांगायलाच नको. मात्र तिथे आवाज नटाचा स्वतःचाच. आपल्याकडे सिनेमात प्लेबॅक आलं तेही त्याच १९३५ मध्ये, कोलकात्याच्या न्यू थिएटर्समध्ये. टॅपचे ठोके मात्र नंतर, पडद्यावर बघत बघत, परत नाचून भरायचे. सेटवरच्या चकचकीत फरशीवर ते स्वच्छ येत नसत.

"काळं-पांढरं बघवत नाही हो"

हे मला समजतं. पण एक मजा सांगते. तो पिसांचा झगा, जो सगळ्यांना पांढरा वाटतो आणि आमच्या क्लिपमध्ये एआयने गुलाबीसर करून टाकला होता, तो खरा फिकट निळा होता. जिंजरने स्वतः डिझायनर बर्नार्ड न्यूमनला सांगून शहामृगाच्या पिसांचा करून घेतलेला. व्हेनिसचा सेट दोन स्टेजवर मिळून बांधला होता, त्यावर कालवा, त्यावर पूल, आणि कालव्यातल्या पाण्यात काळा रंग घातला होता म्हणजे बाजूच्या उजळ इमारती अजून उठून दिसतील. मोठ्या चौकाची फरशी लाल बॅकेलाइटची, म्हणजे जुन्या टेलिफोनचं असायचं ते प्लॅस्टिक. निळा झगा, लाल फरशी, काळं पाणी! आणि हे सगळं फक्त राखाडीच्या छटा बरोबर याव्यात म्हणून. पेन्सिल स्केच काढणारा माणूस जसा कुठे दाबायचं कुठे सोडायचं ठरवतो तसं त्यांनी प्रत्येक वस्तूचा रंग निवडला होता.

रंगीत फिल्म नव्हती असंही नाही. तीन रंगांच्या पूर्ण टेक्निकलरमधला पहिला मोठा सिनेमा 'बेकी शार्प' त्याच १९३५ चा, आणि तो वितरित पण आरकेओनेच केला. रंगीत महाग होतं, प्रचंड प्रकाश लागायचा. पण काळ्या-पांढऱ्यात काम करणाऱ्यांना आपण काहीतरी कमी करतोय असं वाटत नव्हतं, तो त्यांचा पक्का हात बसलेला प्रकार होता. म्हणून एआयने रंगवलेली क्लिप बघू नका अशी माझी विनंती आहे. मूळ बघा. काळा सूट आणि उजळ झगा, दोन आकार एकमेकांत मिसळतात आणि सुटतात, रंगांनी लक्ष फोडलं की हे दिसत नाही.

त्या झग्याची गोष्ट राहिली. शूटिंगला नाच सुरू झाला की पिसं उडायची. अस्टेअरच्या कोटावर, नाकात, सगळीकडे. तो वैतागला, दिग्दर्शक दुसरा झगा घाल म्हणत होता, जिंजर हटली नाही. मग पिसं एकेक करून शिवून पक्की केली. तरी सिनेमात नीट बघितलं तर दोन-चार उडताना दिसतात. नंतर अस्टेअरने तिला सोन्याचं छोटं पीस भेट दिलं आणि तिचं नावच 'फेदर्स' पडलं. आणि खरं सांगू, तिचंच बरोबर होतं, ती थांबते तेव्हा पिसं अर्धा क्षण उशिरा थांबतात, नाच संपल्यावरही थोडा उरतो.

लोकांकडे खायला नव्हतं आणि हे श्रीमंतांचे नाच?

हा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. १९३३ मध्ये अमेरिकेत चारातला एक कामगार बेकार होता. मंदी १९३५ मध्ये संपलेली नव्हती. आणि पडद्यावर आलिशान हॉटेल, विमानाने व्हेनिस, संध्याकाळी टॉप हॅट.

लोक पैसे नसताना हे बघायला गेले, आणि प्रचंड गेले. साधारण सहा लाख डॉलरमध्ये बनलेल्या सिनेमाने बत्तीस लाखांच्या आसपास कमावले, आरकेओचा त्या दशकातला सगळ्यात फायद्याचा सिनेमा. कंपनीचा कारभार स्वतःच १९३३ पासून कोर्टाने नेमलेल्या माणसाकडे होता, म्हणजे हे सगळं वैभव एका बुडत्या कंपनीने उभं केलेलं.

नुसता पळ काढायला गेले असं म्हणणं मला पटत नाही. त्या सिनेमात श्रीमंती आहे पण पैशाचा एकही प्रश्न नाही, आणि जेरी उमराव नाहीये, कष्टाने नाचून पोट भरणारा माणूस आहे. अस्टेअर ओमाहा गावातून आलेला, बहिणीबरोबर लहानपणापासून स्टेजवर. जिंजर १९११ ला मिसुरीत जन्मली, टेक्सासमध्ये चार्ल्स्टन नाचाची स्पर्धा जिंकून पोरवयात या धंद्यात आली. थिएटरात बसलेल्या माणसाला कदाचित हे दिसत असेल की तो कोट विकत घेता येतो, त्यातली चाल विकत घेता येत नाही, ती कमवावी लागते. हे माझं मत झालं, पण मी त्यावर ठाम आहे.

जिंजर नुसती मागे मागे नाचते का?

"अस्टेअर जे करायचा तेच ती करायची, उलटं, आणि उंच टाचांत" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, ते १९८२ च्या एका व्यंगचित्रातून आलंय, बॉब थेव्ह्जच्या. खरं आहे पण अपुरं आहे. जिंजरपेक्षा चांगल्या नर्तकी नंतर अस्टेअरबरोबर आल्या, पण ही जोडी दहा सिनेमे टिकली कारण जिंजर नाचताना अभिनय थांबवत नाही. नाच सुरू झाला की बरेच जण पात्र सोडून नर्तक होतात. ती डेलच राहते. 'चीक टू चीक'मधली घालमेल आपल्याला कळते ती तिच्यामुळे, त्याच्यामुळे नाही, तो तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच आनंदात आहे. माझ्या मते त्या गाण्याचं नाटक पूर्ण तिच्या खांद्यावर आहे.

आजच्या नजरेने काय खटकतं

जेरी तिच्या मागे लागतो, ती नको म्हणतेय तरी. घोडागाडीच्या गाडीवानाची जागा घेऊन तिच्या नकळत तिची गाडी हाकतो. आज कोणी असं केलं तर मी भाचीला पोलिसात जा म्हणेन, आणि हे मी तिला फोनवरही सांगितलं. "तेव्हा असंच असायचं" म्हणून मला ते सोडून द्यायचं नाहीये. बेडिनीचं पात्रही इटालियन माणसाचं टिंगलीचं चित्र आहे, मोडकं इंग्लिश आणि फुकाचा ताव, ते आता ताणलेलं वाटतं.

पण बँडस्टँडचा नाच पुन्हा एकदा बघा. तो सुरू करतो खरा, पण थोड्या वेळाने पुढाकार कधी याचा कधी तिचा. दोघांच्या अंगावर जवळपास सारखेच कपडे, ती कोणाच्या आधाराने उभी नाही. तिला नाचायचं नसतं तर ती बसून राहिली असती, पाऊस थांबेपर्यंत. ती स्वतःहून उठते. तो बाकी सगळ्या ठिकाणी तिच्या मागे मागे जातो, इथे ती त्याच्या मागून चालत येते, त्याची नक्कल करत, आणि चेहऱ्यावर अजून हसू नाही, येतच आहे.

भाचीला मी म्हटलंय, आधी एवढाच सीन बघ, आवाज पूर्ण बंद करून. मग परत आवाज लावून. मग मला फोन कर, साडेदहा वाजले तरी चालेल.